सत्तावन्नाव्या वर्षीचा नेमबाज

निवृत्तीला वर्ष उरले असताना नेमबाजीला लागणारा गृहस्थ भाईंदरच्या गोडदेवात संख्येने अल्प, पण जातीने अस्सल असतो. राज्य शासनाच्या सेवेत असल्यास त्याचे वय सत्तावन्न असते. घराचे शेवटचे हप्ते फिटत आलेले असतात आणि ग्रॅच्युइटीच्या रकमेवर कुटुंबातल्या प्रत्येकाने मनातल्या मनात नाव घातलेले असते. हा नाद लागण्याचे निमित्त बहुधा स्वप्नील कुसाळे. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणारा हा कोल्हापूरचा नेमबाज तेव्हा रेल्वेत तिकीट तपासनीस होता; भाईंदर लोकलमध्ये तीस वर्षे पास दाखवणाऱ्याला एवढे नाते पुरते.

रायफल तो आधीच बाद करतो. तिला जाड जाकीट, पँट, बूट असा सगळा सरंजाम लागतो. एअर पिस्तुलाला ऑफिसचा शर्ट चालतो. शिवाय ४.५ मिलिमीटरच्या, २० ज्यूलपर्यंतच्या हवाई शस्त्राला परवाना लागत नाही. मात्र स्पर्धेच्या दर्जाचे परदेशी पिस्तूल लाखाच्या वर जाते. त्यामुळे खरेदी ग्रॅच्युइटीपर्यंत लांबते आणि तोवर क्लबचे पिस्तूल चालते. ५०० छर्‍यांच्या डबीत ६० नेमांच्या आठ फेऱ्या बसतात, उरतात वीस. ते तो मोजून वेगळ्या डबीत ठेवतो.

सराव करायला वरळीच्या रेंजवर रोज जाणे नोकरदाराला शक्य नसते. म्हणून रिकाम्या पिस्तुलाचा, अर्थात फुकटचा, सराव घरी होतो. नियमाचे दहा मीटर वन-बीएचकेत मिळत नाहीत. दारापासून स्वयंपाकघराच्या भिंतीपर्यंत पाच भरतात, मग ५९.५ मिलिमीटरचे काळे वर्तुळही निम्मे करून फ्रिजच्या वर चिकटवले जाते. क्लबचे पिस्तूल घरी येत नसल्याने हातात पाण्याची भरलेली लिटरची बाटली असते. तिचे वजन पिस्तुलाच्या जवळपास. श्वास रोखून बाटली स्थिर होत असतानाच फ्रिजचे दार उघडते आणि "अहो, सरका जरा, कोथिंबीर काढायचीय," असे ऐकू येते.

खरी अडचण पैशाची नसून चाळिशीची आहे. नेम धरताना नजर पिस्तुलाच्या टोकावरच्या माशीवर ठेवायची आणि लक्ष्य धूसर राहू द्यायचे, हा नियम. वाचायच्या चष्म्याने माशी नीट दिसत नाही, दूरच्या चष्म्याने तर मुळीच नाही. मधल्या अंतराचा तिसरा चष्मा करावा लागतो, आणि तो खर्च औषधांत दाखवला जातो. रक्तदाबाच्या गोळ्यांचेही पाहावे लागते: बीटा ब्लॉकर नेमबाजीत निषिद्ध आहेत, कारण त्यांनी हात थरथरत नाही. आपली गोळी त्यात बसते हे कळल्यावर हा गृहस्थ डॉक्टरांशी नव्या रुबाबाने बोलू लागतो.

वयाचा मुद्दा कोणी काढलाच, तर ऑस्कर स्वान पुढे केला जातो. या स्वीडिश नेमबाजाने १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये ७२ व्या वर्षी रौप्यपदक मिळवले होते. त्या हिशेबाने गोडदेवच्या नेमबाजाच्या हाती अजून पंधरा वर्षे आहेत, आणि पिस्तुलाची किंमत पंधराने आणि मग बाराने भागली की महिन्याला केबलच्या बिलापेक्षा फारशी जास्त येत नाही. हा भागाकार त्याने घरात अजून दाखवलेला नाही.