गच्चीवरचं विमान, केळव्याचा करार

वैमानिकांचे किस्से बहुतेक हवेत घडतात. आमच्या पालघर जिल्ह्याच्या वाट्याला आलेला किस्सा मात्र कांदिवलीच्या गच्चीवर सुरू झाला.

कॅप्टन अमोल यादव हे तेव्हा जेट एअरवेजचे वैमानिक होते. ड्युटीवर कंपनीची विमानं उडवायची आणि सुट्टीत चारकोपला घराच्या गच्चीवर स्वतःचं बांधायचं. मुंबईत गच्चीवर लोक पापड वाळवतात, फार तर सोसायटीची नोटीस येईपर्यंत पत्र्याची शेड ठोकतात. या गृहस्थांनी सहा आसनी विमान उभं केलं! फेब्रुवारी २०१६ मध्ये ते क्रेननं खाली उतरवून 'मेक इन इंडिया'च्या प्रदर्शनात मांडलं, तेव्हा कुठे सरकारदरबारी कळलं की हा माणूस थट्टा करत नाहीये.

पण विमान बांधणं हा सोपा भाग होता. नोंदणीचा अर्ज २०११ चा, नोंदणी मिळाली नोव्हेंबर २०१७ मध्ये. मधेच नियम बदलला, म्हणून एकट्या माणसाला कंपनीही काढावी लागली. अखेर थेट पंतप्रधान-मुख्यमंत्र्यांपर्यंत गाऱ्हाणं पोचलं आणि फाईल हलली. कृतज्ञता म्हणून विमानावर अक्षरं आली व्हीटी-एनएमडी, म्हणजे नरेंद्र, मोदी, देवेंद्र. वशिला लोक खिशात ठेवतात. तो रंगवून मिरवायला वैमानिकाचंच काळीज हवं.

आणि मग आम्ही चित्रात आलो. फेब्रुवारी २०१८ मध्ये राज्य सरकारनं यादवांच्या कंपनीशी करार केला. आकडा ३५,००० कोटींचा, जागा आमच्या केळव्याला १५७ एकर, विमानं १९ आसनी. केळवे रोडला उतरल्यावर गावात जायला रिक्षा मिळेल की नाही, या चिंतेत असणाऱ्या माणसाला एकदम विमानाचा कारखाना! बरं, सहा आसनांच्या कागदाला सहा वर्षं लागली, म्हणजे आसनामागे एक वर्ष. एकोणीस आसनांचा हिशेब ज्यानं त्यानं करावा.

पुढचा भाग तर कुठल्याही विनोदकाराला सुचला नसता. एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेजची झाडून सगळी विमानं जमिनीवर आली, आणि २०२० मध्ये गच्चीवरचं विमान धुळ्याच्या धावपट्टीवरून उडालं. धुळ्याच्या! पालघरला धावपट्टी कुठाय?

तीही येणार आहे म्हणे, वाढवणजवळ, भर समुद्रात. विमान गच्चीवर, विमानतळ पाण्यात. जमिनीवर काय करायचं तेवढं ठरायचं बाकी आहे.

यादवांची आम्ही टिंगल करणार नाही. त्यांनी उडवून दाखवलं. पालघरकरांना मात्र उडायची हौस असेल तर तूर्त फ्लाइंग राणी एक्स्प्रेसवरच भागवावं लागेल. आणि तिचेही डबल-डेकर डबे जुलै २०२३ मध्ये काढून घेतले.