प्लग बदलून बघा

घाटात गाडीने गचके द्यायला सुरुवात केली की, आयुष्यात फक्त काचेचं पाणी भरायला बॉनेट उघडलेला माणूसही ठामपणे निदान करतो: प्लग गेले असणार. हे निदान टू-स्ट्रोक स्कूटरच्या काळातलं आहे. पेट्रोलमध्ये मिसळलेल्या ऑइलने तिचा प्लग खरोखरच काळा पडायचा, आणि तो काढून, पॉलिश पेपरने घासून, एक फुंकर मारून लावला की स्कूटर सुरू व्हायची. त्या फुंकरीने एका अख्ख्या पिढीला मेकॅनिक करून टाकलं. आता त्याच पिढीच्या दारात टर्बो पेट्रोल गाडी उभी आहे, तिचे प्लग कॉइलच्या खाली हेडमध्ये खोल दडलेले आहेत आणि फुंकर तिथवर पोचत नाही. माझं म्हणणं असं की, टर्बो गाडीचा प्लग निवडताना आपली अक्कल चालवायला फारशी जागाच नसते; कंपनीच्या पुस्तकात लिहिलेला नंबर आणावा आणि शिल्लक राहिलेली अक्कल काढलेला प्लग नीट बघण्यात खर्च करावी.

टर्बो सिलिंडरमध्ये हवा दाबून कोंबतो, आणि दाटलेल्या हवेतून ठिणगी पाडायला व्होल्टेज जास्त लागतं. हे व्होल्टेज दाब आणि अंतर यांच्या गुणाकारावर ठरतं, हे फ्रिडरिश पाशेन या जर्मन शास्त्रज्ञाने 1889 सालीच दाखवून दिलं होतं. दाब वाढला तर अंतर कमी करा, एवढाच त्यातला व्यवहार. म्हणून साध्या इंजिनात 1 ते 1.1 मिलिमीटर गॅप खपून जाते, तर पुष्कळ टर्बो इंजिनांत ती 0.7-0.8 च्या आसपास ठेवतात. टोकं झिजून गॅप वाढली तरी सपाट रस्त्यावर पत्ता लागत नाही. खंबाटकीत पाच माणसं, मागे सामान, एसी चालू, आरपीएम कमी आणि पाय पूर्ण दाबलेला, अशा वेळी ठिणगी हुकते आणि गाडी मिस मारायला लागते. मग आम्ही काय वेगळं म्हणत होतो, असं प्लगवाले विचारतील. बरोबर, पण दुबळी झालेली कॉइलही अगदी हेच करते. स्कॅनरवर पी 0302 आलं तर दुसऱ्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर लावून बघावी. कोड बदलून पी 0303 झाला तर दोष कॉइलचा, प्लग निर्दोष. ही तपासणी फुकट होते, बहुधा म्हणूनच ती फारशी कोणी सुचवत नाही.

दुसरा पंथ ‘कोल्ड’ प्लगवाल्यांचा. टर्बो म्हणजे गरम, तेव्हा एक नंबर थंड प्लग टाका, असा त्यांचा साधा हिशेब. कोल्ड प्लग टोकाची उष्णता हेडकडे लवकर पोचवतो, हे खरंच आहे. पण टोक साधारण 450-500 अंश सेल्सिअसच्या वर तापलं तरच त्यावरचा कार्बन जळून जातो, आणि 850 च्या पुढे गेलं तर ठिणगीची वाट न बघता तेच मिश्रण पेटवून देतं. कंपनीने नंबर ठरवताना टर्बो धरलेलाच असतो. रिमॅप करून बूस्ट वाढवलेल्या गाडीला कोल्ड प्लग लागू शकतो, हे मी आनंदाने मान्य करतो. स्वारगेट ते हडपसर पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये रांगणाऱ्या गाडीत तो टाकणं म्हणजे दूध आणायला गिर्यारोहणाचे बूट घालून जाणं. त्यातून नंबरांची गंमत वेगळीच. एनजीके आणि डेन्सोमध्ये आकडा वाढला की प्लग थंड होतो, बॉशमध्ये वाढला की गरम. ब्रँड बदलताना जो ‘एक नंबर वर’ जातो, तो भलत्याच दिशेला पोचतो.

इरिडियमवाल्यांची बाजू त्या मानाने भक्कम आहे. हा धातू 2446 अंशांना वितळतो, म्हणून टोक अर्ध्या मिलिमीटरइतकं बारीक ठेवता येतं, ठिणगी कमी व्होल्टेजमध्ये पडते आणि साध्या निकेलपेक्षा प्लग कितीतरी पट टिकतो. ‘इरिडियम टाकल्यापासून गाडी काय पळते!’ हेही खोटं नसतं. फक्त आधीचे प्लग झिजून संपले होते, एवढं सांगायचं राहून जातं.

खरी माहिती काढलेल्या प्लगवर असते. इंजिन थंड असताना ते काढून वर्तमानपत्रावर सिलिंडरच्या क्रमाने मांडावेत. टोक फिकट तपकिरी असेल तर सगळं ठीक. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय किंवा गाडी कायम जवळच्या जवळच फिरतेय. एकच प्लग ऑइलने ओला असेल तर त्या सिलिंडरच्या रिंगा आणि व्हॉल्व्ह सील बघावेत. सगळेच ओले असतील तर संशय टर्बोच्या सीलवरही घ्यावा. पांढऱ्या पडलेल्या सिरॅमिकवर चमकणारे बारीक कण दिसले तर ते पिस्टनचं ॲल्युमिनियम असू शकतं, आणि मग गाडी चालवायचीच नाही. बाहेरच्या सिरॅमिकवर, लोखंडी कडेच्या लगेच वर, तपकिरी वळं दिसतं. ‘गॅस लीक आहे, साहेब’ असं त्याच्यावर बोट ठेवून सांगितलं जातं. बहुतेक वेळा तो विजेच्या दाबाने चिकटलेल्या तेलकट धुळीचा डाग असतो, त्याला काही करावं लागत नाही.

एवढा खटाटोप करण्यापेक्षा सरळ नवे टाकले तर बिघडलं काय, हा शेवटचा आक्षेप, आणि पैशाचाच प्रश्न असेल तर तो रास्त आहे. पण ऑइलने बरबटलेल्या प्लगच्या जागी नवा बसवला की तो काही दिवस उत्तम काम करतो, मालक खूश होतो, ऑइल मात्र आत येतच राहतं, आणि नवा प्लग जुन्यासारखा दिसू लागेपर्यंत गाडीची वॉरंटी संपलेली असते.