कायले पयता जी?

दर्यापुरात पळायला कारण लागतं. बैलानं दावं तोडलं, एसटी सुटायला आली, पोलीस भरती निघाली, एवढी कारणं गावाला मान्य आहेत. पण चाळिशी ओलांडलेला, पोट सुटलेला, बाजारात कृषी सेवा केंद्र चालवणारा माणूस भल्या पहाटे हाफचड्डीवर बनोश्याच्या रस्त्यानं पळताना दिसला, की त्याच्या घरी काहीतरी विपरीत घडलं असणार, असाच अर्थ निघतो. मी पळायला लागलो तेव्हा पहिली फटफटी शंभर पावलांच्या आत थांबली.

"कोनी गेलं काय जी?"

"नाही हो. असंच."

"असंच कोनी पयते काय? बसा मांगं, सोडून देतो."

"अहो, मला कुठे जायचंच नाही."

"मंग तं बसाच. मलेबी घाई नाई."

आठ वाजता मी दुकान उघडलं तेव्हा माझी शुगर निघाल्याची बातमी माझ्या आधी काउंटरवर पोचली होती. दुपारपर्यंत तिचा आकडा चारशेवर गेला. संध्याकाळी अंजनगावचं झाडपाल्याचं औषध घेऊन एक गिऱ्हाईक आलं आणि बियाण्याची जुनी उधारीही, मी जिवंत आहे तोवर, चुकती करून गेलं. पळण्यानं प्रकृती सुधारते की नाही ते पुढे कळेल, वसुली मात्र सुधारते.

जाणकार म्हणतात पळताना दोन माणसांना बोलता आलं पाहिजे, म्हणजे वेग बरोबर आहे असं समजावं. माझ्याकडे बोलण्याची कमी नाही. शेतकरी वावरात निघालेला असतो, मी समोरून येतो, तो वळून माझ्याबरोबर चालू लागतो. हो, चालू. मी पळत असतो. तुरीवर काय मारू, हरभऱ्याच्या घाट्याला अळीनं भोकं पाडली, पऱ्हाटीत गुलाबी बोंडअळी दिसते काय, हे सगळं विचारून होईपर्यंत तो चालतच माझ्या पुढे निघून जातो.

खरे पळणारे म्हणजे भरतीची पोरं. थंडीत तोंडातून वाफ काढत ती अंधारातून येतात आणि निघून जातात. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर धावावं लागतं, म्हणून त्यांची सगळी दुनिया सोळाशेत मोजली जाते. "काका, तुमचं सोळाशे किती मिनटात येते?" असं एकानं विचारलं. मी आकडा सांगितल्यावर त्यानं फार आदरानं "हळूहळू येईन" म्हटलं आणि मित्रांकडे न बघता पुढे गेला, तिकडे जाऊन हसला असावा. ही पोरं नोकरी मिळावी म्हणून पळतात. मी पळायला पैसे भरतो, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

आमची जमीन काळी आणि सपाट. चढ म्हणजे चंद्रभागेचा पूल, तोही दोन्ही बाजूंनी सारखाच. पावसाळ्यात डांबर सोडून पाऊल खाली पडलं की माती बूट सोडत नाही. दहा पावलांत बूट किलोभराचा होतो आणि माणूस चार बोटं उंच. उन्हाळ्यात त्याच मातीला अशा भेगा पडतात की बुटाची नाडी आत जाऊ नये म्हणून जपावं लागतं.

पळणाऱ्यांच्या पुस्तकात असतं की घामावाटे मीठ जातं, ते भरून काढा. शहरात त्यासाठी रंगीत पाण्याच्या महागड्या बाटल्या मिळतात. आमचा तालुका पडला खारपाणपट्ट्यात. अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत पूर्णेच्या दोन्ही अंगांना जमिनीखालचं पाणी इतकं खारं, की ओलीत केलं तर जमीन बिघडते आणि चहा केला तर पाहुणा. पिण्याचं पाणी शहानूर धरणावरून येतं. सरकारनं एवढी पाइपलाइन टाकून ते गोड पाणी आणलं, आणि मी त्यात मिठाची पुडी टाकून पितो. आईनं एकदा नीट निरखून पाहिलं आणि म्हणाली, "मंग बोअरचंच पी ना. फुकट हाये."

माझी आवडती वाट शकुंतलेच्या रुळाकडेची. मूर्तिजापूर ते अचलपूर ही छोटी गाडी आमच्या गावावरून जायची. तिच्या लेखी गावाचं नाव बनोसा. १९२१ साली मँचेस्टरला घडलेलं वाफेचं इंजिन तिला १९९४ पर्यंत ओढत होतं, मग डिझेल आलं, मग काही वर्षांपूर्वी गाडीच थांबली. आता रुळात गवत आहे आणि गवतात बाभळीचे काटे, ते बुटाच्या तळव्याची परीक्षा घेतात. मूर्तिजापूर-अचलपूर हे ७६ किलोमीटर ती चारेक तासांत कापायची, म्हणजे ताशी १९. केनियाच्या एलिउड किपचोगेनं २०१९ साली व्हिएन्नात ४२.१९५ किलोमीटर १ तास ५९ मिनिटं ४० सेकंदांत संपवले, म्हणजे ताशी २१ च्या वर. हा गडी मूर्तिजापूरहून शकुंतलेबरोबर निघाला असता तर दर्यापूरला आधी पोचून, तर्रीपोहे खाऊन, तिला घ्यायला स्टेशनवर उभा राहिला असता. तिच्यात बसलेल्यांना याचं नवल वाटणार नाही.

शर्यतीची चटक शेजारच्या तालुक्याच्या गावी लागली. दहा किलोमीटरची दौड होती. अंतर आयोजकांच्या फटफटीच्या काट्यावर मोजलेलं आणि तो काटा उदार मनाचा होता. वळायच्या जागी लाल फडकं घेऊन एक पोरगं उभं करायचं ठरलं होतं. आम्ही पोचलो तेव्हा पोरगं शेळ्या हाकायला गेलेलं, फडकं बाभळीवर. पुढचे सगळे तसेच सरळ निघून गेले. त्यांना आणायला शेवटी तीच फटफटी पाठवावी लागली. बक्षीस समारंभ मात्र अगदी वेळेवर झाला, कारण पाहुण्यांना दुसरीकडेही जायचं होतं.

त्यानंतर मी मुंबई मॅरेथॉनचा अर्ज भरला. पूर्ण नव्हे, अर्धी, २१.०९७ किलोमीटर. ही शर्यत २००४ पासून होते, जानेवारीतल्या रविवारी, आणि सगळे गट मिळून हल्ली साठ हजारांवर माणूस पळतो. शर्यतीच्या आधी पिष्टमय पदार्थ भरपूर खावेत असं वाचलं होतं. घरी एवढंच सांगितलं की कणकेचं काहीतरी जास्त लागेल. झालं, अंगणात गोवऱ्या पेटल्या. रोडगा म्हणजे कणकेच्या पुऱ्या एकावर एक ठेवून, मध्ये तेलाचा हात फिरवून वळलेला गोळा. तो विस्तवात पुरतात, वरून राख ओढतात, आणि बाहेर काढला की फडक्यात धरून झटकतात. मग मुठीनं फोडून आत तुपाची धार, बाजूला वांग्याची झणझणीत भाजी. "अजून एक घे, पयाचं हाये ना" या एका वाक्यावर मी किती खाल्ले ते विचारू नका. शेजारचे चार जणही तयारीला बसले. त्यांच्यातला कोणीही पळणार नव्हता.

मूर्तिजापूरहून रात्रीची गाडी पकडली आणि आतेभावाकडे डोंबिवलीला उतरलो. तो वीस-बावीस वर्षांपूर्वी गेला, आता "हाये"चं "आहे" झालं आहे, पण ठेचा पाहिला की जुना माणूस बाहेर येतो. "दादा, पळायला पैसे भरलेस?" त्यानं विचारलं आणि दुसऱ्या दिवशी मला स्टेशनवर नेलं. आम्ही उभे असतानाच घोषणा झाली की फास्ट गाडी दुसऱ्या फलाटावर येईल. पुढे जे झालं ते मी कुठल्या शर्यतीत पाहिलं नव्हतं. बॅगा पाठीवरून पोटावर आल्या, साड्यांचे पदर खोचले गेले, आणि शे-दोनशे माणसं जिना चढून, पूल ओलांडून, जिना उतरून डब्यात शिरलीसुद्धा. दर्यापूरची सवय, मी शेजारून पळणाऱ्या एकाला विचारलं, "काय झालं हो?" त्यानं माझ्याकडे पाहिलंही नाही. आतेभाऊ पलीकडच्या डब्याच्या दारातून हात हलवत होता. हा माणूस हे रोज करतो, जेवणाच्या डब्यासकट, आणि त्याला कोणी केळंही देत नाही.

नंबर घ्यायला बीकेसीत जावं लागतं. तिथे पळण्याचा बाजार भरलेला. तळव्यात कार्बनची पट्टी घातलेला एक बूट हातात घेतला, किंमत विचारली आणि मनातल्या मनात हिशेब केला तर तीन क्विंटल कापूस. बूट हळूच जागेवर ठेवला. पुण्याला १९१९ च्या सुमारास डेक्कन जिमखान्याच्या शर्यतीत अनवाणी पळणारे शेतकरी पाहून दोराबजी टाटांनी ऑलिंपिकला हिंदी संघ पाठवायचं मनावर घेतलं, आणि १९२० साली बेळगावचे फडेप्पा चौगुले अँटवर्पला मॅरेथॉन पळून १९ वे आले. त्या काळात हा विक्रेता असता तर ऑलिंपिक आपल्याला परवडलंच नसतं.

रविवारी मध्यरात्रीनंतर खास लोकल सोडतात. मला बसायला जागा मिळाली. खिडकीची! मुंबईत लोकलमध्ये बसायचं असेल तर २१ किलोमीटर पळायची तयारी ठेवावी लागते. माहीमच्या रेतीबंदरला अंधारात हजारो माणसं, हवेत दुखण्याच्या मलमाचा वास, आणि सगळ्यात लांब रांग कशाची ते सांगायला नको. रोडग्यांनी मलाही त्या रांगेत उभं केलं.

सुटल्यावर थोड्याच वेळात सागरी सेतू. २००९ साली तो झाला तेव्हापासून त्यावर फटफटीला बंदी आहे, पायी चालणाऱ्यालाही. आणि त्या दिवशी मी त्याच्या मधोमध पळत होतो. दोन्ही बाजूंना समुद्र, वर केबलांचं जाळं, पुढे मागे माणसांच्या पाठी. खाऱ्या पाण्याचा एवढा मोठा साठा पाहून आईची आठवण आली.

वरळी गेली, हाजी अली गेलं, उजाडलं आणि पेडर रोडचा चढ आला. मुंबईकर त्याला घाबरतात, मी तर चंद्रभागेच्या पुलावर वाढलेला. अर्ध्यात पाय शिसं झाले आणि नेमका फोन वाजला. गावाकडचं जुनं गिऱ्हाईक. हरभऱ्यात अळी जोरात, पंप भरून उभा होता. उचलणं भाग होतं.

"इमामेक्टिन," मी धापा टाकत म्हणालो, "दहा लिटरला तीन-चार ग्रॅम. जास्त नको. सकाळी नाहीतर संध्याकाळी."

बाजूनं एक तरुण पळत होता. हातात घड्याळ, पायात तीन क्विंटल. तो जवळ सरकला. "सर, हे कुठलं सप्लिमेंट? तुम्ही रेसच्या आधी घेता की मध्ये?"

"अळीवर आहे."

"ते ब्रँडचं नाव का?"

"पोटात घेऊ नका," एवढंच मला बोलता आलं. पुढे चौपाटीपर्यंत तो माझ्याकडे वळूनवळून बघत होता.

त्या रस्त्यावर मुंबईचं दर्यापूर झालं होतं. लोक कामधाम सोडून कडेला उभे, छातीवरचं नाव वाचून हाका मारताहेत, कोणी चिक्की देतंय, कोणी पाणी, कोणी सल्ला. एका आजोबांनी मला श्वास कुठून घ्यायचा ते समजावलं. गिरगावात एका मावशींनी मीठ लावलेली संत्र्याची फोड हातावर ठेवली. "घ्या काका, नागपूरचं आहे!" संत्रं वरूड-मोर्शीचं, म्हणजे आमच्या अमरावती जिल्ह्यातलं, हे मला जन्मभर माहीत आहे आणि त्यावर मी चारचौघांत भांडलो आहे. पण तोंडात फोड होती आणि छातीत हवा नव्हती. नागपूरचं तर नागपूरचं. एकच गोष्ट कमी पडली. गावी असतो तर इथवर चार फटफट्या थांबल्या असत्या. मुंबईत एकही थांबली नाही, आणि त्या वेळी मी कुठल्याही फटफटीवर मागं बसलो असतो.

मरीन ड्राइव्ह लांब आहे. फोटोत दिसतो त्याहून लांब. त्यानंतर सीएसएमटी, कमान, आणि गळ्यात पदक.

परतीच्या गाडीत पहाटे शेगावला एक बाबा चढले. महाराजांचं दर्शन घेऊन दर्यापूरला निघालेले, धोतर, खांद्यावर दुपट्टा, हातात प्रसादाची पिशवी. त्यांची नजर पदकावर.

"हे काय जी गयात?"

"मेडल. मुंबईत पळालो."

"कितवा नंबर?"

"असेल पाच-सहा हजारावा."

बाबा थोडा वेळ गप्प बसले. "अन् तरीबी देलं?"

"सगळ्यांनाच देतात."

"फुकट?"

"नाही, फी असते."

"अस्सं. म्हंजे इकत घेतलं."

मूर्तिजापूरच्या स्टँडवर पोचलो तर दर्यापूरची एसटी हलत होती. माझ्या मांड्या ऑटोतून उतरतानाच बोलायला लागल्या होत्या. बाबांनी धोतराचा सोगा वर खोचला, पिशवी काखेत मारली आणि असे सुटले की भरतीच्या पोरांनी बघत राहावं. खिडकीतून दुपट्टा आत टाकून दोन जागा धरल्या, दाराची दांडी पकडली आणि कंडक्टरला थांबवलं. मी फलाटावरून एकेक पाऊल टाकत येत होतो, पदक शर्टाच्या आत लपवून.

"पाय मोडला काय त्यायचा?" कंडक्टरनं विचारलं.

"नाई," बाबा म्हणाले, "मुंबईले पयाले गेलते."