साडूभाऊंचा ओढा

गळ टाकणाऱ्या माणसाची खूण जगभर एकच: त्याने धरलेला मासा गोष्टीत वाढत जातो. आमच्या साडूभाऊंचं उलटं आहे. त्यांच्या गोष्टीत मासे घटतात. चार मिळाले असतील तर ते दोन सांगतात, आणि दोन सांगतानाही जरा ओशाळतात. ज्या पाण्यात मासा सहज मिळतो, त्या पाण्याबद्दल त्यांना काडीचा आदर नाही.

साडूभाऊ मूळचे मालवणचे, राहायला न्यू जर्सीत एडिसनला. आठवडाभर एका विमा कंपनीचं सॉफ्टवेअर सांभाळतात आणि शनिवारी पहाटे दोन तास गाडी हाकून पेनसिल्व्हेनियातल्या पोकोनोच्या डोंगरात शिरतात. वाटेत चांगल्या नावाजलेल्या नद्या लागतात. त्या ते पुलावरून मान न वळवता ओलांडतात. त्यांना हवा असतो ओढा. अमेरिकी भूसर्वेक्षण खात्याचे नकाशे उघडून ते रात्ररात्र निळ्या रेघा धुंडाळतात. रेघ जितकी बारीक, तितके त्यांचे डोळे लकाकतात. जवळ रस्ता दिसला की रेघ बाद. पायवाट दिसली की संशयित.

हा सगळा खटाटोप ब्रुक ट्राउटसाठी. पाठीवर नागमोडी नक्षी, कुशीवर निळ्या कड्यातले लाल ठिपके, परांना पांढरी किनार. हा देखणा मासा तिथला मूळ रहिवासी. त्याला गार, स्वच्छ पाणी लागतं. वीस अंशांच्या वर गेलं की त्याचा जीव कासावीस होतो. जंगलं तुटली, सावली गेली, खालच्या नद्या तापल्या, तसा तो वर वर सरकत उडी मारून ओलांडता येतील अशा ओढ्यांत जाऊन राहिला. तिथे खायची ददात, म्हणून अंगही धरत नाही. वीतभर वाढला तर पैलवान.

पेनसिल्व्हेनियाचं सरकार दर वर्षी सुमारे 30 लाख मोठे ट्राउट पोसून पाण्यात सोडतं. एप्रिलच्या पहिल्या शनिवारी हंगाम उघडला की काठावर खांद्याला खांदा लावून माणसं उभी राहतात. साडूभाऊ या माशांना 'सरकारी' म्हणतात. "गोळ्या खाऊन वाढलेत. माणसाची सावली पडली की जेवण आलं असं समजतात." ब्राउन ट्राउटवरचा त्यांचा राग तर त्याहून जुना. "त्याची अंडी 1883 साली जर्मनीहून आणली. बाहेरचा आहे तो. इथल्यांची जागा बळकावून बसलाय."

"जवळजवळ दीडशे वर्षांत जर तो इथला झाला नाही," मेहुणी पोळी लाटता लाटता म्हणाली, "तर तुझ्या ग्रीन कार्डाचं काही खरं नाही."

एकदा त्यांनी मलाही नेलं. ओढ्यापर्यंत रोडोडेंड्रॉनच्या जाळीतून रांगतच जावं लागलं. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो, म्हणून आपण खालून वर, त्याच्या पाठीमागून जायचं. बोलायचं नाही. खोकायचं नाही. वर फांद्यांची अशी गर्दी, की काठी फिरवायला जागाच नव्हती. तेव्हा साडूभाऊंनी कोंबड्याच्या पिसांची बनावट माशी चिमटीत धरली, मागे ओढून काठीची कमान केली आणि सोडली. माशी हेमलॉकच्या फांदीत गेली. पुढची माझ्या टोपीत. त्यानंतरची, त्यांच्या मते, अगदी नेमकी पडली. माशांचं मत वेगळं होतं.

दुपार कलली तेव्हा कुठे एक लागला. बोटाएवढा. साडूभाऊंनी आधी आपले हात ओले केले, कारण कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो. गळाचा उलटा काटा तर त्यांनी घरीच पक्कडीने दाबून टाकलेला. मी खिशातून फोन काढेपर्यंत मासा आपल्या घरी पोचलाही होता.

त्यांच्या आईला यातलं काहीच मान्य नाही. मालवणहून सहा महिन्यांसाठी आल्या, तेव्हा पहिल्याच शनिवारी रिकामी पिशवी बघून त्यांनी कपाळाला हात लावला.

"धरलेलो मासो सोडलंस? मगे धरलंस कित्याक?"

"आई, सात इंचांखालचा ठेवायला कायद्याने बंदी आहे."

"मगे सातावरचो धर."

यावर साडूभाऊंकडे उत्तर नव्हतं, कारण सातावरचाही ते सोडूनच देतात. पण म्हणून कुणी त्यांना दयाळू समजू नये. परतीच्या वाटेवर ते एडिसनच्या दुकानातून गोठवलेले बांगडे आणतात आणि रात्री तिखल्यात बोटं बुडवून काट्यांचा ढीग रचतात. "खायचा मासा वेगळा, भेटायचा वेगळा," हे वर तत्त्वज्ञान.

यंदा मंडळाच्या गणपतीत, प्रसादाच्या रांगेत, कुणीतरी विचारलं, "काय, या वर्षी किती?"

साडूभाऊंनी आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला. नवा ओढा सापडलाय म्हणाले. तीन तासांची चढण, नकाशावर नाव नाही, माणसाचा माग नाही, पाण्यात हात घातला तर बधिर होतो.

"आणि मासे?"

"एकसुद्धा नाही!"

रांगेतले सगळे आदराने गप्प झाले. हा ओढा नेमका कुठे आहे, हे साडूभाऊंनी अजून बायकोलाही सांगितलेलं नाही. उगाच गर्दी व्हायची.