हवा कमी, सल्ले जास्त

नवा टायर किती किलोमीटर चालतो, हे नागपूरच्या बेसात कुणाला विचारू नये. मनीषनगर मागे टाकून बेसाकडे निघालं की आधी सिमेंट रोड लागतो, मग गट्टू, मग पाइपलाइनसाठी खोदून कसाबसा बुजवलेला पट्टा. मधून मधून चेंबर. काही रस्त्याच्या वर, काही खाली. रस्त्याच्या पातळीत बसलेलं चेंबर कुणाला दिसलं असेल तर त्यानं पत्ता कळवावा, सहकुटुंब दर्शनाला येऊ.

सहकुटुंब म्हणजे सात सीटरमधून. सात हा आकडा कंपनीचा. कंपनी मांडीवरची पोरंही मोजते, आमच्याकडे ती पद्धत नाही. शेगावला निघालो की माणसं, उशा, पाण्याचा कॅन आणि डबे असं सगळं आत शिरतं आणि गाडीचा मागचा भाग वऱ्हाडातल्या सासऱ्यासारखा खाली वाकतो. परतताना त्यात कचोऱ्यांची भर.

तर या गाडीचे टायर पंचवीस हजार किलोमीटरच्या आतच गोटा झाले. चाळीस-पन्नास हजार तरी कुठे गेले नाहीत, असं धरून चाललेल्या घरात हा अपमृत्यूच. भेटायला लोक येऊ लागले. वरच्या मजल्यावरचे काका वीज मंडळातून निवृत्त झालेत, त्यामुळे कोणत्याही यंत्रावर बोलायचा त्यांना हक्क आहे. ते म्हणाले, "सिमेंट रोड टायर खाते भाऊ. डांबर होतं तेव्हा टायर मरत नव्हते." आईनं गाडी अमावस्येला घरी आल्याची आठवण करून दिली. बायकोनं एवढंच विचारलं, "हवा किती होती?" प्रश्न फारच साधा असल्यामुळे तो कुणी विचारात घेतला नाही.

शिवाय हवेचं खातं भाऊजींकडे. भाऊजींचा सिद्धांत असा की नागपूरच्या उन्हात टायरमधली हवा फुगते आणि टायर फुटतो, म्हणून उन्हाळ्यात हवा कमी ठेवायची. हिवाळ्यात? हिवाळ्यातही कमीच, कारण गाडी मऊ चालते. दारावरच्या स्टिकरवर 33 लिहिलेलं असताना आमची गाडी 26 वर फिरायची. घरच्या जावयाला चूक म्हणायची आपल्यात पद्धत नाही, आणि स्टिकर वाचायची तर अजिबातच नाही.

अलाइनमेंटवाल्यानं गाडी वर उचलली, टायरवरून हात फिरवला आणि विचारलं, "हवा कोण पाहते भाऊ?"

भाऊजी छाती पुढे काढून म्हणाले, "मीच पाहतो."

"नका पाहत जाऊ."

मग त्यानं टायर वाचून दाखवला. टायरच्या दोन्ही कडा झिजल्या आणि मधला पट्टा शाबूत राहिला, की हवा कमी. मधला पट्टाच गेला, की हवा जास्त. एकाच बाजूची कड गेली, की अलाइनमेंट बिघडलं. जागोजागी खड्डे पडल्यासारखी झीज असली, तर शॉकअब्सॉर्बरकडे बघा. आमच्या चारही टायरच्या कडा गेल्या होत्या, आणि पुढच्या दोघांची आतली बाजू करवतीसारखी झाली होती. "हे पुढचं रोडवरून उतरता-चढताना झालं. बाकीचं घरातूनच झालं," तो म्हणाला. सिमेंट रोडची कड वीतभर उंच, तिथून चाक धाडकन खाली गेलं की चाकांचा कोन हलतो. मग टायर फिरता फिरता बाजूला घासत जातो, आणि चालवणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो. काकांना निम्मे गुण द्यावे लागले.

भाऊजींच्या सिद्धांताचं मात्र काही खरं नाही. तापमान पाच-सहा अंशांनी वाढलं की टायरमधली हवा साधारण एक पौंडानं वाढते, हे खरंच. पण ही वाढ धरूनच टायर बनवलेला असतो. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते, जास्त तापते, आणि फुटतो तो असा तापलेला टायर. म्हणजे टायर फुटू नये म्हणून आम्ही फुटायची सोय करत होतो, तीही 45 अंशांच्या उन्हात. आणि बेसापासून शिवमडका हाकेच्या अंतरावर. तिथून समृद्धी महामार्ग सुरू होतो, 701 किलोमीटर काँक्रीट आणि 120 ची वेगमर्यादा. तिथे मऊ गाडीची हौस महागात पडते.

नवे टायर निवडायला घरातले सगळे दुकानात आले. मुलाला एमआरएफ हवे होते, कारण सचिनच्या बॅटवर ते नाव होतं. काकांनी माहिती पुरवली की ही कंपनी 1946 साली मद्रासजवळ खेळण्यातले फुगे बनवत होती, आणि 2023 मध्ये तिचा एक शेअर लाखावर गेला. भाऊजी हिशेब करून म्हणाले, "म्हणजे चार टायर घेण्यापेक्षा एक शेअर घेतला असता तर?" त्या शेअरवर बसून शेगावला कसं जायचं, हे त्यांनी सांगितलं नाही.

मग त्यांनी रुंद टायरचा आग्रह धरला. गाडी 'दिसते' म्हणे. आमच्या टायरवर 185/65 आर 15 लिहिलंय: रुंदी 185 मिलिमीटर, उंची त्या रुंदीच्या 65 टक्के, रेडियल, रिम 15 इंचांची. पुढचा 88 म्हणजे एका टायरला 560 किलोपर्यंत भार. कचोऱ्या धरून. हा आकडा कमी असलेला टायर कितीही स्वस्त मिळाला तरी सात सीटरला घालू नये. रुंद टायरनं मायलेज घटतं, आणि गोलाई बदलली तर स्पीडोमीटर खोटं बोलतो. दुकानदारानं नायट्रोजनही सुचवला. वाईट काही नाही, पण साध्या हवेत 78 टक्के नायट्रोजन आधीच फुकट असतो. राहिलेल्या 22 टक्क्यांसाठी पैसे मोजायचे की दर पंधरवड्याला सकाळी गाडी थंड असताना हवा तपासायची, ते ज्याचं त्यानं ठरवावं. बायकोनं आमचं ठरवलं. हवेचं खातं आता तिच्याकडे आहे, आणि सगळे शेगावला निघाले की ती स्टिकरवरचा भरगच्च गाडीचा आकडा बघते.

टायर घ्यायला जाल तेव्हा नाव नंतर बघा, आधी बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचा. 2324 म्हणजे 2024 चा तेविसावा आठवडा. गोदामात म्हातारा झालेला टायर सवलतीत मिळतो, नवा म्हणून घेऊ नका. दोनच घ्यायचे असतील तर नवे मागे लावा, गाडी पुढच्या चाकांवर चालत असली तरी. ओल्या रस्त्यावर मागची चाकं सुटली की गाडी फिरते. खाचांतल्या छोट्या पट्ट्यांपर्यंत, म्हणजे 1.6 मिलिमीटरवर, रबर आलं की टायर संपला, काका काहीही म्हणोत. आणि जुने टायर दुकानातच सोडून या. झोका करू, कुंडी करू म्हणून गच्चीवर नेलेत, तर पावसाळ्यात त्यात डेंग्यूचे डास होतात.