आत्याचा डबा

'अनुभवातून लिहा' म्हणणाऱ्यांना बहुधा नातेवाईक नसावेत. दिवाळी अंकासाठी मी एक कथा लिहिली. त्यातली म्हातारी पाहुणे आले की बेसनाच्या लाडवांचा डबा उघडते, दोन लाडू बशीत ठेवते आणि उरलेले मोजून झाकण घट्ट लावते. नाव बदललं, साताऱ्याचं अकोला केलं, म्हातारीला चष्माही दिला. अंक घरोघरी पोचला. मावशीचा फोन आला, "माझ्यावरच लिहिलंस ना?" काकूने बोलणंच टाकलं. आणि जिचा तो डबा, ती आत्या खूश होऊन म्हणाली, "काकूला बरी उतरवलीस हो!"

कादंबरीकार भालचंद्र नेमाडे सांगवीचे, १९६३च्या 'कोसला'चा नायक पांडुरंग सांगवीकर. आडनावावरच गावाची पाटी, तरी ती कादंबरीच. आम्ही मात्र कथेखाली 'सर्व पात्रे काल्पनिक' असं छापून घेतो आणि परिसंवादात 'हे सगळं मी भोगलंय' म्हणत डोळे पुसतो. (भोगलं काय, तर एक लाडू कमी मिळाला.)

खरं भोगलं त्याची गंमत वेगळीच. वडील गेले त्या रात्री इस्पितळाच्या बाकावर मी रडत होतो. आणि समोरच्या भिंतीवरचं घड्याळ सव्वा तास मागे आहे, हे पुढेमागे उपयोगी पडेल म्हणून लक्षातही ठेवत होतो.

ते घड्याळ आतापर्यंत दोन कथांत वापरून झालं. दुसऱ्या कथेचं मानधन ७५० रुपये. अजून आलेलं नाही.