हरित नगरसेवकाच्या मासिक कर्तव्यांविषयी

इंग्लंडमधील ग्रीन पार्टी, म्हणजे पर्यावरणरक्षण हाच ज्याचा मुख्य कार्यक्रम आहे असा पक्ष, १९७०च्या दशकाच्या आरंभी वेगळ्या नावाने स्थापन झाला, आणि तेव्हापासून त्याच्या जाहीरनाम्याचा पैस पृथ्वीच्या वातावरणापासून अजून न जन्मलेल्या पिढ्यांपर्यंत राहिला आहे. परंतु मतदार या पक्षाच्या उमेदवाराला प्रत्यक्ष निवडून देतात तेव्हा तो बहुधा स्थानिक परिषदेवर जातो, आणि त्या परिषदेच्या अधिकारकक्षेत वातावरण येत नाही, कचरापेटी येते. अखिल पृथ्वीची काळजी वाहणाऱ्या या गृहस्थाचा किंवा गृहिणीचा महिना नेमका कशात खर्ची पडतो, याचा अभ्यास करण्यास दक्षिण किनाऱ्यावरील ब्रायटन अँड होव्ह हे शहर फार सोयीचे आहे, कारण २०१० साली याच शहरातून कॅरोलाइन लुकास या पक्षाच्या पहिल्या खासदार झाल्या आणि पुढच्याच वर्षी परिषदेच्या ५४ जागांपैकी २३ जागा जिंकून या पक्षाने ब्रिटनमध्ये प्रथमच एका परिषदेचा कारभार हाती घेतला, तोही बहुमतावाचून.

इंग्लंडमधील नगरसेवकाला वेतन नसते, भत्ता असतो, आणि तो पोट भरण्याइतका नसल्यामुळे पुष्कळांना दिवसा नोकरी करून रात्री कार्यक्रमपत्रिका वाचाव्या लागतात. सलग सहा महिने एकाही बैठकीस न जाणाऱ्या नगरसेवकाचे पद १९७२च्या कायद्यानुसार आपोआप जाते. बैठकीस येऊन त्याने काय केले, याविषयी मात्र त्या कलमाने सुज्ञपणे मौन पाळले आहे. महिन्यातून एकदोनदा वाचनालयात किंवा चर्चच्या सभागृहात तासभर बसून नागरिकांची गाऱ्हाणी ऐकण्याची तिकडे प्रथा असून तिला ‘सर्जरी’ म्हणतात. समुद्राची पातळी वाढत असल्याची तक्रार घेऊन तेथे सहसा कोणी येत नाही, मग ते शहर समुद्रकाठी वसलेले का असेना. येतात ते शेजाऱ्याचे वाढलेले कुंपण, फुटपाथवरील कुत्र्याची विष्ठा, पार्किंगच्या परवान्याची प्रतीक्षायादी, आणि सर्वांत जास्त, न उचललेला कचरा. आपल्याकडे नगरसेवकाचे कार्यक्षेत्र ‘वॉटर, मीटर, गटर’ या तीन शब्दांत सांगण्याची पद्धत आहे. इंग्लंडात पाणीपुरवठा १९७४ सालीच स्थानिक परिषदांकडून काढून घेतला गेल्यामुळे त्यातील ‘वॉटर’ नगरसेवकाच्या हातून गेले आणि उरलेल्या जागेत कचरा प्रशस्तपणे पसरला.

त्यातही दह्याच्या प्लास्टिकच्या डबीचा प्रश्न स्वतंत्र प्रकरणाच्या योग्यतेचा आहे. कचऱ्याची विल्हेवाट लावण्याचा दीर्घ मुदतीचा करार परिषदेने ग्रीन पक्ष सत्तेवर येण्याच्या कितीतरी आधीच करून ठेवला होता, आणि त्या व्यवस्थेत अनेक वर्षे प्लास्टिकच्या बाटल्या पुनर्वापरासाठी घेतल्या जात, डब्या घेतल्या जात नसत. परिणामी, एखादी कर्तव्यदक्ष आजीबाई स्वच्छ धुतलेली डबी हाती घेऊन येई, तेव्हा ती जाळण्याच्या कचऱ्यातच का टाकावी हे तिला समजावून सांगण्याचे काम, सबंध इंग्लंडात ते सांगताना ज्याला सर्वाधिक यातना होतील अशाच माणसाकडे येई. शहरातील पुनर्वापराचे प्रमाण त्या पहिल्या कारकिर्दीत वाढण्याऐवजी घसरलेच, आणि विरोधकांनी ही गोष्ट कोणत्याही बैठकीत विसरली जाणार नाही याची पुरेपूर काळजी घेतली.

पक्षाच्या गटाची बैठक हा महिन्यातील सर्वांत लांबलचक विधी होय. इतर पक्षांत मतदानापूर्वी व्हिप निघतो, म्हणजे कोणी कसे मत द्यावे याचा पक्षादेश. ग्रीन पक्षाला हा प्रकारच मान्य नाही, प्रत्येकाने आपल्या सदसद्विवेकबुद्धीस स्मरून मत द्यावे असा त्याचा दंडक आहे, आणि तेवीस माणसांच्या तेवीस सदसद्विवेकबुद्धी एका रांगेत उभ्या करण्यास किती वेळ लागतो हे ज्याने गृहनिर्माण संस्थेची सर्वसाधारण सभा पाहिली आहे त्याला वेगळे सांगावयास नको. या स्वातंत्र्याची कसोटी २०१३ साली लागली. स्त्री आणि पुरुष कर्मचाऱ्यांच्या वेतनातील विषमतेचा प्रश्न मिटवण्यासाठी परिषदेने भत्त्यांची फेररचना योजली, तीत कचरा उचलणाऱ्या अनेक कामगारांच्या हाती पडणारी रक्कम घटणार होती, म्हणून जूनमध्ये त्यांनी संप पुकारला. समान वेतन हे पक्षाचे तत्त्व आणि श्रमिकांच्या पाठीशी उभे राहणे हेही पक्षाचेच तत्त्व, तेव्हा दोन्ही तत्त्वे एकाच कचरागाडीसमोर आडवी आली. परिषद ग्रीन पक्षाची, संप परिषदेविरुद्ध, आणि कामगारांच्या बाजूने जाहीरपणे उभ्या राहिलेल्या खासदार लुकास याही ग्रीन पक्षाच्याच. गटातही उघड फूट पडली. दरम्यान रस्त्याच्या कडेला साचलेल्या काळ्या पिशव्या फोडण्याचे काम ब्रायटनच्या समुद्रपक्ष्यांनी, म्हणजे हेरिंग गल या धिप्पाड आणि निर्भीड जातीने, मनोभावे केले, आणि वन्यजीवविषयक १९८१च्या कायद्याने या पक्ष्याला संरक्षण असल्यामुळे हरित नगरसेवकाला त्याच्याविरुद्ध ब्र काढण्याचीही सोय नव्हती.

नियोजन समितीची बैठक साधारणतः महिन्याची असते आणि तीत नव्या इमारतींना परवानगी द्यावी की नाही हे ठरते. या समितीत बसणाऱ्याने निर्णय आधीच ठरवून येऊ नये असा नियम आहे. २०११च्या कायद्याने एवढी मुभा दिली की पूर्वी व्यक्त केलेल्या मताचा कल दिसला म्हणून मन बंद आहे असे मानले जाणार नाही, परंतु ते बंद नसावे ही अपेक्षा कायमच राहिली. सबब, ज्याने निवडणुकीत घरोघर हिरवी पत्रके वाटून हिरवळीचा एक इंचही बिल्डरच्या घशात जाऊ देणार नाही असे सांगितले, त्याला समितीच्या खुर्चीवर बसताना त्या हिरवळीविषयी मोकळे मन चेहऱ्यावर आणावे लागते. नागरिकांची अडचण निराळीच असते. नव्या इमारतीमुळे आपल्या घराची किंमत उतरेल किंवा खिडकीतून दिसणारा समुद्र दिसेनासा होईल, ही जी त्यांची खरी दुःखे, ती कायद्याच्या दृष्टीने विचारात घेण्याजोगी नसतात. उजेड अडणे, खासगीपणा भंगणे, वाहतूक वाढणे ही मात्र असतात. त्यामुळे समुद्राचा शोक करण्यास आलेला मनुष्य मिळालेल्या मोजक्या मिनिटांत वाहतुकीच्या चिंतेने व्याकूळ झालेला दिसतो, आणि नगरसेवक ती चिंता खरी मानून टिपून घेतो.

झाडांच्या बाबतीत तरी हरित परिषदेचा मार्ग सरळ असावा असे वाटेल. ब्रायटन हे एल्म वृक्षांसाठी नावाजलेले शहर आहे, कारण या जातीचा देशभर संहार करणारा रोग तेथे मोठ्या निकराने रोखून धरण्यात आला. २०१३ साली सेव्हन डायल्स या चौकाच्या सुधारणेत, पादचाऱ्यांची सोय व्हावी या निखळ हरित हेतूने, एक जुना एल्म तोडण्याचे ठरले. नागरिक झाडावर चढून बसले, खोडाभोवती फलक लागले, आणि ग्रीन पक्षाच्या परिषदेपासून झाड वाचवण्याची मोहीम इतकी यशस्वी झाली की आराखडा बदलावा लागला व झाड राहिले. आंदोलन कसे करावे याचे शिक्षण त्या शहराला कोणत्या पक्षाने दिले होते, हा प्रश्न येथे विचारू नये हे बरे.

पूर्ण परिषदेच्या सभेत मात्र हरित नगरसेवकाला क्षणभर आपल्या मूळ विषयावर बोलता येते. नोव्हेंबर २०१८ मध्ये ब्रिस्टल येथे कार्ला डेनियर या ग्रीन नगरसेविकेने हवामान आणीबाणी जाहीर करण्याचा ठराव मांडला, तो मंजूर होऊन ब्रिटनमधील परिषदेने केलेली तशी ती पहिली घोषणा ठरली, आणि त्यानंतर देशातील शेकडो परिषदांनी तिचे अनुकरण केले. ठराव मंजूर झाल्यावर त्याच सभेत पार्किंगचा विषय निघत नाही असे मात्र कोणी समजू नये.

श्रेयाची वाटणीही नेहमी न्याय्य होत नाही. पाच मीटरपेक्षा उंच नव्या इमारतींत एकाकी राहणाऱ्या मधमाश्यांसाठी छिद्रे असलेली वीट बसवावी, ही ब्रायटनमधील कीर्तिमान अट सुचवली ती एका कॉन्झर्व्हेटिव्ह नगरसेवकाने. उलट, पदपथावर तणनाशक ग्लायफोसेट फवारू नये हा निर्णय २०१९ मध्ये लेबर पक्षाच्या कारभारात झाला, पण तण हातांनी उपटण्यास माणसे अपुरी पडून फुटपाथ गुडघाभर हिरवे झाले, तोवर कारभार पुन्हा ग्रीन पक्षाकडे आला होता आणि गवताचा रंगही संशयास्पद होता. अडखळून पडलेल्या वृद्धांच्या तक्रारी वाढल्या, आणि पुन्हा सत्तेवर आलेल्या लेबर पक्षाने २०२४च्या आरंभी तेच तणनाशक परत आणले.

मे २०२३च्या निवडणुकीत ब्रायटनच्या मतदारांनी ग्रीन पक्षाच्या जागा सातवर आणल्या. त्याच निवडणुकीत मिड सफक या ग्रामीण भागात पक्षाने ३४ पैकी २४ जागा जिंकून एखाद्या परिषदेत प्रथमच स्पष्ट बहुमत मिळवले. तेथे कारभार दोन पातळ्यांवर विभागलेला आहे, म्हणजे रस्ते काउंटी या वरच्या परिषदेकडे आणि कचरा डिस्ट्रिक्ट या खालच्या परिषदेकडे, आणि ग्रीन पक्षाला बहुमत मिळाले ते खालच्या परिषदेत. त्यामुळे खड्ड्याची तक्रार आली की तेथील हरित नगरसेवक, हा विषय आपल्या अखत्यारीत नाही, असे अगदी खरेखुरे उत्तर देऊ शकतो. तक्रारदार ते शांतपणे ऐकून घेतो, मान डोलावतो, आणि मग तो खड्डा साधारण कधीपर्यंत बुजेल असे विचारतो.